गोकुळधामच्या पलीकडे सोळा हजार

आमच्या पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं राहायचं, कठड्यावरून जरा वाकायचं, आणि शेजारच्यांनी वाळत घातलेली चादर वाऱ्यानं बाजूला होईपर्यंत धीर धरायचा. मग झाडांच्या मधून तबेल्याची छपरं दिसतात. घर घेताना बिल्डरच्या माहितीपत्रकात यालाच 'फॉरेस्ट व्ह्यू' म्हटलं होतं आणि त्या व्ह्यूचे चौरस फुटामागे वेगळे पैसे लावले होते. माहितीपत्रकावर चित्र हरणाचं होतं. गेल्या अकरा वर्षांत मी या गॅलरीतून हरीण पाहिलेलं नाही. म्हैस मात्र रोज वासानं भेटते.

वासाचं गणित वाऱ्यावर असतं. उन्हाळ्यात तो येतो आणि जातो. पावसाळ्यात मुक्कामाला असतो. शेण, भिजलेला भुसा आणि ओलं गवत यांचा मिळून तो वास. माझ्यासारख्या, ज्यांचं आजोळ खेड्यातलं, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. पण मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर नवीन कुटुंब आलं आणि आठव्या दिवशी सोसायटीकडे अर्ज आला, की 'संबंधितांना योग्य ती समज देण्यात यावी'. सेक्रेटरींनी तो अर्ज सभेत वाचून दाखवला. संबंधित कोण, यावर चर्चा झाली. समज मराठीतून द्यावी की हिंदीतून, असा एक पोटप्रश्न मी उपस्थित केला. त्या कुटुंबानं अजून माझ्याशी बोलायला सुरुवात केलेली नाही.

गोरेगाव पूर्वेच्या या टोकाला वसाहतींच्या पाट्या वाचत निघालं, की भागवताच्या दशम स्कंधातून चालल्यासारखं वाटतं. गोकुळधाम आहे, यशोधाम आहे. गोकुळधाम हे नाव टीव्हीवरच्या मालिकेनं देशभर नेलं. त्यामुळे सुट्टीत अहमदाबादहून, सुरतेहून आलेली कुटुंबं रिक्षातून उतरतात आणि पहिल्या दिसेल त्या माणसाला जेठालालचं घर विचारतात. तो माणूस बऱ्याच वेळा मी असतो. मालिकेची सोसायटी हा सेट आहे, आत कोणी राहत नाही, हे सांगताना लहान मुलांचे चेहरे असे पडतात, की आता मी सरळ 'दुकानात गेलेत' म्हणून सांगतो.

पण खरं गोकुळ आहे ते या वसाहतींच्या पाठीमागे. आरे दूध वसाहत. तीन हजार एकरांहून मोठी जागा, म्हशींची बत्तीस युनिटं आणि आकडा सांगतात तो सोळा हजार जनावरांचा. कृष्णाच्या आसपास सोळा हजार हा आकडा आला की मराठी माणूस सवयीनं पुढे 'एकशे आठ' जोडतो. इथंही जोडायला हरकत नाही. वरच्या एकशे आठ रस्त्यात बसलेल्या असतात.

या म्हशी मूळच्या शहरातल्या. मुंबईत चाळींच्या मध्ये, दवाखान्यांच्या मागे, जिथं जागा मिळेल तिथं तबेले होते, आणि माणसं आणि म्हशी एकमेकांच्या माश्या वाटून घेऊन राहत होत्या. सरकारला हे बरं दिसेना. मग १९४९ मध्ये दारा खुरोडी या पारशी गृहस्थांच्या पुढाकारानं ही वसाहत उभी राहिली आणि म्हशींना शहराबाहेर नेलं गेलं. त्या वेळी गोरेगाव शहराबाहेर होतं, यावर आज कोणाचा विश्वास बसत नाही. म्हशी मालकांच्याच राहिल्या. गोठे, पाणी, डॉक्टर सरकारचं, आणि मालकानं जागेचं भाडं भरायचं. १९५१ मध्ये पंडित नेहरू येऊन उद्घाटन करून गेले. मी या शहरात ट्रान्झिट कॅम्पमध्ये म्हातारी झालेली माणसं पाहिली आहेत, पुनर्विकासाची वाट बघत भिंतीवरच्या फोटोत गेलेली पाहिली आहेत. म्हणून विचारपूर्वक सांगतो, की मुंबईत ज्यांचं पुनर्वसन ठरल्याप्रमाणे, मोकळ्या हवेत आणि कुटुंबासकट झालं असा एकच समाज माझ्या माहितीत आहे, आणि तो रवंथ करतो.

त्यांचा दरारा असा, की माणसंसुद्धा म्हशींच्या हिशेबानं पत्ता सांगतात. आमच्या घरी पोळ्यांना येणाऱ्या ताई 'युनिट सात'ला राहतात. युनिट सात म्हणजे म्हशींचा सातवा गोठा. ताईंच्या मुलाच्या शाळेच्या अर्जावर पत्त्याच्या रकान्यात तेच आहे.

आमच्या वयाच्या मुंबईकरांच्या डोक्यात मात्र आरे म्हणजे म्हैस नाही, आरे म्हणजे बाटली. काचेची जाड बाटली, वर ॲल्युमिनियमच्या कागदाचं बूच. पहाटे दुधाचं कार्ड घेऊन केंद्रावर रांग. ती बुचं धुऊन, सपाट करून, दोऱ्यात ओवून दाराला तोरण करायचं ही घराघरातली हस्तकला होती. आमच्या घरच्या तोरणाला कितीही धुतलं तरी श्रावणात आंबूस वास यायचा. स्टेशनवर 'एनर्जी' नावाचं गोड, रंगीत दूध मिळायचं. ते प्यायला मिळालं म्हणजे कोणीतरी परीक्षेत पास झालेलं असायचं किंवा कोणालातरी दवाखान्यात बघून परत चाललेलो असायचो.

खुरोडींनी आणखी एक गोष्ट केली आणि तिचे परिणाम आमच्या घरापर्यंत पोचले, म्हणून ती सांगायला हवी. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून तो तीन टक्क्यांवर आणायचा, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतात आणि दूध गरिबालाही परवडतं. याला टोन्ड दूध म्हणतात. दुधात पाणी घालण्याचं जे काम गवळी पाठ करून करायचा, ते सरकारनं उजेडात, मोजून मापून आणि लोककल्याणासाठी करून दाखवलं. मला यात खुरोडींची थट्टा करायची नाही. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्या जोडीनं त्यांना मिळाला, तो काही उगीच नाही. पण आमच्या पिढीची पोटं या तीन टक्क्यांवर वाढली, हे पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवावं.

कथा सुरू होते माझ्या आईपासून. आईचं माहेर कागल तालुक्यातलं. तिथं मामाच्या दारात आजही चार म्हशी आहेत. आई कायमची आमच्याकडे राहायला आली त्या दिवशी तिनं गॅलरीत उभं राहून दोनदा हुंगलं आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.

"म्हशी हायत व्हय रं हितं?"

"सोळा हजार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दारात लटकवलेली पिशवी दिसली. तिनं ती बोटांनी दाबून बघितली. "आन् ह्ये काय?"

"दूध."

"कुठलं?"

आता इथं मी खोटं बोलायला हवं होतं. पण बोललो खरं. पिशवी गोकुळची. म्हणजे कोल्हापूरची. आई खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांसमोर मामाच्या गावचं डेअरीचं संकलन केंद्र आलं असणार. सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन उभी असलेली माणसं, फॅटचं मशीन, फॅट कमी लागल्यावर होणारी भांडणं आणि मग निघणारा टँकर. मामाची म्हैस कागलला दूध देते, ते घाट उतरून, शेकडो किलोमीटर प्रवास करून, यंत्रांतून फिरून, पिशवीत बसून आमच्या दाराच्या कडीला येतं. आणि खिडकीतून जिचा वास येतो तिचं दूध?

"त्येंचं कुठं जातंय?"

"अंधेरीला. मिठाईवाल्यांकडे. हॉटेलांत."

"मग तुमाला काय?"

"वास."

त्या दिवसापासून आईनं ठरवलं, की दूध आणायचं तर या शेजारणींचंच.

तबेल्यात धार दोन वेळा काढतात, एकदा रात्र सरायच्या आत आणि एकदा भर दुपारी. आईचं म्हणणं पहाटेची धार चांगली. आमच्या हिचं म्हणणं, पहाटे आरेत कोणीही जाणार नाही. या मतभेदात निर्णायक मत बिबट्याचं पडलं.

बिबट्याबद्दल बाहेरच्यांना वाटतं की आम्ही सांगतो ते थापा असतात. पण संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आरेला लागून आहे आणि बिबट्याला हद्द दाखवणारा नकाशा कोणी दिलेला नाही. तो इथल्या उकिरड्यांवर पोसलेल्या कुत्र्यांसाठी येतो. आमच्या सोसायटीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप फक्त त्याच्यासाठी आहे. रात्री साडेअकराला मेसेज येतो, 'बी विंगच्या मागे दिसला'. लगेच पन्नास जण 'सावध राहा' लिहितात, आणि लगेच पन्नास जण मोबाइल घेऊन बी विंगच्या मागे जातात. निम्म्या वेळा ती बोकी असते. वारली लोकांचं बरं आहे. आरेतल्या पाड्यांवर ते म्हशींच्याही कितीतरी आधीपासून राहतात. त्यांनी वाघोबाला देव मानलं, शेंदूर लावला, वर्षाला नैवेद्य ठरवून दिला आणि व्यवहार मिटवला. आमच्या ग्रुपला ॲडमिन तीन आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही.

हे विनोदानं लिहितो आहे, कारण मी पाचव्या मजल्यावर ग्रिलच्या आत राहतो. पोळ्यांच्या ताई राहतात त्या घराला दार आहे, पण संडास दारापासून शंभर पावलांवर आहे. २०२२ च्या दिवाळीत इथल्या एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. त्यानंतर कितीतरी दिवस ताई अंधार पडायच्या आत घरी जायच्या आणि आमच्याकडे पोळ्या चार वाजताच होऊन थंड पडायच्या. त्याबद्दल तक्रार करायची कोणाला हिंमत झाली नाही. त्याच्या आदल्या वर्षी आरेतच एका म्हाताऱ्या बाईंवर बिबट्या मागून धावून आला. बाईंनी हातातल्या काठीनं त्याला हाणून पळवून लावलं. हे सगळं कॅमेऱ्यात आलं. तो व्हिडिओ आमच्या इमारतीतल्या प्रत्येक आजीनं पाहिला आणि डॉक्टरांनी वर्षानुवर्षं सांगूनही ज्या काठी धरत नव्हत्या, त्या सगळ्यांनी पुढच्या आठवड्यात काठ्या घेतल्या. आईनंही घेतली. लाकडाची, लोखंडी टोपीवाली. फोल्डिंगची काठी दुकानदारानं दाखवली तेव्हा आई म्हणाली, "ही उघडस्तोवर त्यो थांबंल व्हय?"

तर दुपारची धार ठरली. एका रविवारी अडीच वाजता मी, आई, काठी आणि स्टीलची किटली अशी वरात रिक्षात बसली. रिक्षावाल्यानं 'आरे के अंदर' म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. ते भुतामुळे नाही. इथल्या रस्त्यावर पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, ही कथा मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. पण रस्त्याची आजची अवस्था पाहता कोणी लिफ्ट देऊन पळून जाईल असा वेग घेणंच शक्य नाही, त्यामुळे बाईंनीही नाद सोडला असावा. वाटेत 'छोटा काश्मीर' लागतं. तळं, थोडी फुलझाडं आणि ज्यानं काश्मीर पाहिलेलं नाही अशा माणसाचा आत्मविश्वास, एवढ्या सामग्रीवर ते उभं आहे. माझी तिसरीची सहल तिथंच आली होती. माझ्या मुलीची तिसरीची सहलही तिथंच आली. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. तिला सकाळी सहाला उठवून बसनं आधी शाळेत नेलं आणि मग परत इकडे आणलं. 'मधुमती'तली काही दृश्यं आरेत चित्रित झाली, हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "व्हय, झाडी तशीच हाय." तिनं 'मधुमती' कोल्हापुरात पाहिला होता आणि ते सगळं हिमालयात आहे असं आजवर समजत होती. पण कबूल करण्यातली ती नाही.

झाडी मात्र तशीच राहिलेली नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्री करवती सुरू झाल्या आणि दोन दिवसांत दोन हजारांवर झाडं पडली. मी तेव्हा पुठ्ठ्याचा फलक धरून रस्त्यावर उभा होतो. आता त्याच मेट्रोनं बीकेसीला जातो आणि एसीत बसायला मिळालं की बरं वाटतं. दोन्ही खरं आहे. फलक अजून माळ्यावर आहे, टाकवत नाही.

तबेला म्हणजे लांबच लांब छप्पर, मध्ये वाट आणि दोन्ही बाजूंना पाठमोऱ्या म्हशी. आत पाऊल टाकलं आणि आईची चाल बदलली. रोज घरात भिंत धरून चालणारी बाई त्या शेणाच्या चिखलातून पोलीस पाटलासारखी निघाली. एका म्हशीपाशी थांबली, तिच्या गळपटाखाली हात घालून खाजवलं. म्हशीनं मान वर करून डोळे अर्धे मिटले. "ही मुऱ्हा. शिंगं बघ, जिलबीवानी. ती पल्याड जाफराबादी, कपाळ बघ केवढं." मग एका कोपऱ्यातलीकडे बघून म्हणाली, "ही भाकड हाय. हिला कशाला ठेवलीया?"

तबेल्याचे चाचा तिथंच दुसऱ्या म्हशीखाली बसले होते. गुडघ्यांत बादली, दोन्ही हातांनी धार चाललेली, बादलीत फेस चढत चाललेला. त्यांनी मान वळवून पाहिलं. गेली चाळीस वर्षं ते इथं आहेत, मूळ जौनपूरचे. फॉरेस्ट व्ह्यूवाल्या इमारतीतून येऊन एखाद्या बाईनं त्यांची म्हैस भाकड असल्याचं ओळखावं, ही गोष्ट त्यांना नवीन होती.

"माताजी, आपको कैसे मालूम?"

"मालूम काय व्हायचंय? दिसतंय की. पेंड काय घालतायसा? सरकी का?"

पुढची वीस मिनिटं कागल आणि जौनपूर यांच्यात सरकीचे भाव, गोचीड, चिकाचा खरवस आणि सुना, या विषयांवर बोलणं झालं. आई मराठीत बोलत होती, चाचा भोजपुरीत. मला दोघांचंही निम्मं कळलं. शेवटी मी किटली पुढे केली. चाचांनी हात जोडले. एक थेंब शिल्लक नाही म्हणाले. सगळं दूध वर्षाच्या बोलीवर बांधलेलं असतं, आणि टेम्पो चारला येतो. मग आईकडे बघून त्यांनी बादलीतून एक लिटर मोजून किटलीत ओतलं. पैसे घेईनात. आईनं ते गोठ्याच्या कठड्यावर ठेवले आणि वर काठी ठेवून उभी राहिली, तेव्हा घेतले.

घरी येऊन दूध तापवलं. साय अशी आली, की चमच्यानं ढोसावी लागली. ही म्हणाली, असं दूध तिनं लग्नानंतर पाहिलंच नाही. रात्री सगळ्यांनी पेलाभर घेतलं, मुलीनं दोन. पुढचं सविस्तर लिहीत नाही. घरात संडास एक आहे एवढं सांगतो. पहाटे साडेतीनला, म्हणजे तबेल्यात धार सुरू व्हायच्या सुमारास, मी आमच्या घरच्या रांगेत तिसरा होतो, आणि बाटलीच्या केंद्रावरच्या रांगेनंतर दुधासाठी इतक्या पहाटे उभं राहण्याची ही पहिलीच वेळ होती. आई शांत झोपली होती. तिचं पोट सात टक्क्यांवर घडलेलं. आमची पोटं खुरोडींची.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. चाचांचं एक फडकं किटलीवर बांधून आलं होतं, ते धुऊन, इस्त्री करून परत द्यायचं होतं. टेम्पो नुकताच गेला होता. मोठ्या बादल्या पालथ्या घातलेल्या, म्हशी रवंथ करत होत्या. चाचा म्हणाले, माताजी, आज चाय पीके जाना.

गोठ्याच्या टोकाला त्यांची खोली. स्टोव्हवर पातेलं, आलं ठेचलं, पत्ती टाकली. मग चाचांनी फळीवरच्या डब्याआडून पिशवी काढली, दातानं कोपरा तोडला आणि पातेल्यात ओतली.

मी पिशवीकडे बघितलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. "क्या करें साहब, अपना तो सब बुक है."

चहा आला. आईनं बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि थोडा वेळ तोंडात धरून ठेवला. बाहेर कुठलीतरी म्हैस हंबरली.

"आमच्याकडचं हाय," आई म्हणाली, आणि बशी पुन्हा पुढे केली.